परिसीमन म्हणजे बांध कोरणं नव्हे

मुलुंडच्या एका वाचकाचा प्रश्न आहे: ‘जेरीमँडरिंग’ला, म्हणजे आपल्या पक्षाच्या सोयीने मतदारसंघांच्या हद्दी वाकवण्याला, मराठीत ‘परिसीमन’ म्हणावं का? त्यांच्या सोसायटीच्या सभेत कुणीतरी ‘आपल्या वॉर्डाचं परिसीमन करून मतं फोडली’ असं म्हणालं म्हणे.

म्हणू नये. हा वापर मीही सतत ऐकतो आणि दर वेळी तो कानाला टोचतो. परिसीमन म्हणजे हद्दी आखणं, बस्स. 2008 च्या परिसीमनात मुंबई शहराच्या विधानसभेच्या जागा 17 वरून 10 वर आल्या, उपनगरांच्या 17 च्या 26 झाल्या. माणसं उपनगरांत राहायला गेली, त्यांच्यामागोमाग जागा गेल्या. यात लबाडी नाही.

जेरीमँडरिंगमध्ये लबाडी हाच अर्थ. 1812 साली मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी (त्यांचा उच्चार ‘ग’नेच) यांनी सही केलेल्या कायद्यातला एक मतदारसंघ इतका वेडावाकडा होता की व्यंगचित्रात त्याचा सॅलमँडर झाला. गेरी अधिक सॅलमँडर. रीती दोन: विरोधकाची वस्ती एकाच मतदारसंघात कोंडायची, नाहीतर अनेकांत फोडायची. समजा, नऊ हजार मतांची चाळवस्ती एका प्रभागात आहे. नगरसेवकाला तिच्या दारी यावंच लागतं. तीच तीन प्रभागांत तीन-तीन हजार करून वाटली, की तिच्यावाचून कुणाचंच अडत नाही. गटार तुंबलं की तिघंही शेजारच्या प्रभागाकडे बोट दाखवतात.

याला आपल्याकडे शब्द तयार आहे: बांध कोरणं. दर नांगरणीला शेजाऱ्याच्या बाजूने बांध वीतभर खायचा, पाच-सात वर्षांत वाफाभर जमीन आपली. प्रभागाचा बांध कोरला म्हणा, खेड्यातल्या आजीलाही कळेल. ‘मतदारसंघ-फेररचना’ सुचवणारे पंडित त्यातली चोरीच पुसून टाकतात.

आणि ‘परिसीमन’मधली ती ‘सीमा’! ती तर मुंबईत लोकलच्या स्टेशनावर उभी आहे: शीव. ग्रामचं गाव, नामचं नाव, तशी सीमेची शीव. सिंदूरचा शेंदूर होताना ‘स’चा ‘श’ झाला, तसाच इथेही. मुंबई बेट आणि त्याच्या उत्तरेचं साष्टी बेट यांच्यामधली हद्द तिथेच होती. जेझुइट पाद्र्यांनी जेरुसलेमच्या झायन डोंगराचं नाव दिलं आणि त्यावरून शीवचं इंग्रजी नाव ‘सायन’ आलं, असं ठासून सांगणारे अजून भेटतात. गावाच्या हद्दीला शीव म्हणणारी माणसं तिथे राहत असताना हे नाव जेरुसलेमहून कशाला आणायचं? ‘शिवार’ही मी शीवेशीच जोडतो, कोशकारांना पटो न पटो.

याच सीमेपासून ‘सीमंत’, म्हणजे केसांतला भांग. गर्भवतीचं सीमंतोन्नयन त्यावरूनच. ‘सीमा’ला ‘अंत’ जोडताना संधीच्या नियमाने खरं तर ‘सीमान्त’ व्हायला हवं होतं, पण वार्तिकात, म्हणजे पाणिनीच्या व्याकरणसूत्रांच्या पुरवणीत, मुद्दाम सूट दिली आहे: ‘सीमन्तः केशवेशे’. केसांत असेल तर सीमंत, जमिनीवर असेल तर सीमान्त.