मी मोठी झाले, पण कोणाच्या जिवावर?

«मावशी, मी २३ वर्षांची आहे. पदवीनंतर पाच महिने परदेशातल्या एका बालगृहात स्वयंसेवक म्हणून राहिले. मुलांना इंग्रजी शिकवायचं आणि त्यांच्याशी खेळायचं, एवढंच काम. संस्थेची फी मी स्वतः कमावून भरली होती. मुलं पहिल्याच दिवशी गळ्यात पडली, निघताना सगळेच रडलो. परवा संस्थेच्या पानावर माझ्यानंतर गेलेल्या मुलीचे फोटो दिसले. तीच मुलं, तशीच तिला बिलगलेली. तेव्हापासून मला चैन नाही. आई म्हणते, ‘केवढी मोठी होऊन आलीस!’ ते खरंही आहे, आधी मी एकटी बँकेत जायलाही घाबरायचे. पण मुलांचं प्रेम खोटं होतं का? मी चुकीचं वागले का? तिथे वर्षानुवर्षं काम करणाऱ्या एक बाई आहेत. ‘मुलं आधीच्या ताईंची आठवण काढतात का?’ असं मी त्यांना विचारलं होतं, तर त्या नुसत्या हसल्या. आता संस्थेला नव्या स्वयंसेवकांना दाखवायला माझ्या अनुभवाचा व्हिडिओ हवा आहे. काय करू? – अस्वस्थ»

अस्वस्थ,

प्रेम खोटं नव्हतं. फक्त ते तुझ्या वाट्याचं नव्हतं. जो कोणी दारातून आत येईल त्याच्यासाठी ते तयार ठेवलेलं होतं, आणि तुला नेमकं हेच टोचतंय.

घरात वाढणारं दोन-तीन वर्षांचं मूल नवा माणूस आला की आधी आईमागे दडतं, जरा वेळ निरखतं, मग पुढे येतं. पहिल्याच दिवशी गळ्यात पडणारं मूल पाहून आपल्याला वाटतं, किती लाघवी! बार्बरा टिझार्ड या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात लंडनच्या बालगृहांतल्या मुलांचा बराच काळ अभ्यास केला. तिथे खेळणी, पुस्तकं, खाणंपिणं कशालाच तोटा नव्हता. पण सांभाळणारी माणसं सतत बदलत. चार-साडेचार वर्षांच्या एकेका मुलाला तोवर सरासरी ५० जणांनी सांभाळलेलं होतं. त्यांतली बरीच मुलं कोणाही अनोळखी माणसाला चिकटत, लक्ष वेधून घ्यायला धडपडत, आणि खोलवर जीव मात्र कोणावरच लावत नसत. तुझ्या बालगृहातल्या त्या बाई का हसल्या, ते आता तुझं तूच ताडून पाहा.

पुढचं जास्त कडू आहे. नेपाळ आणि कंबोडियात झालेल्या पाहण्यांत अशा घरांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचं आढळलं. पाहुणे पैसे भरून येतात, म्हणून घरं भरलेली दिसायला हवीत. मग गरीब आईबापांना शिक्षणाचं आमिष दाखवून मुलं आणली जातात. सगळीकडे असंच होतं असं नाही. पण इतक्या ठिकाणी होतं की, डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांच्या ठरावात अनाथालयांतल्या स्वयंसेवी कार्यक्रमांमुळे होणाऱ्या हानीचा वेगळा उल्लेख केला आणि देशांना ती रोखायला सांगितलं. तू राहिलीस ते घर कसं होतं, हे मला इथे बसून सांगता येणार नाही.

मग तू चुकीचं वागलीस का? काम चुकीचं होतं, असं माझं मत आहे. तू वाईट हेतूने गेली नाहीस, हेही तितकंच खरं. ही माहिती कुठे लपवलेली नव्हती, पण ती तुझ्यापर्यंत पोचवण्यात तुझी फी घेणाऱ्या कोणाचाच फायदा नव्हता. ‘मी किती चांगलं केलं’ म्हणत बसणं आणि ‘मी किती वाईट केलं’ म्हणत झुरणं, या दोन्हींत गोष्ट तुझ्याभोवतीच फिरत राहते. मुलांना त्यातून काहीच मिळत नाही, तेव्हा झुरण्यावर फार वेळ घालवू नकोस.

आता तुझ्या मोठं होण्याबद्दल. ते मुलांमुळे घडलं असं तू धरून चालली आहेस आणि म्हणून तुला ते चोरीच्या मालासारखं वाटतंय. मला नाही तसं वाटत. बँकेत जायला घाबरणारी मुलगी स्वतः पैसे जमवते, परक्या देशात उतरते, भाषा येत नसताना औषध मागते, आजारपणात एकटी पडून राहते, जिथे आपलं काही चालत नाही तिथे रोज सकाळी उठून कामाला लागते. माणूस वाढतो तो यातून. तू रोपवाटिकेत माती कालवली असतीस किंवा एखाद्या ग्रंथालयात पुस्तकांच्या याद्या केल्या असत्यास, तरी इतकीच मोठी होऊन आली असतीस. (आईला हे सांगायची गरज नाही, ती म्हणते ते बरोबरच आहे.) मुलांच्या जिव्हाळ्याची त्यात कधी गरजच नव्हती, म्हणून पुढच्या वेळी ते टाळताही येईल.

परदेशी जाऊन स्वयंसेवा करण्याच्या या चळवळीची सुरुवातही मुलांना कुरवाळण्याने झालेली नाही. १९२० मध्ये पिएर सेरेसोल हा स्विस इंजिनिअर काही स्वयंसेवक घेऊन फ्रान्समध्ये व्हर्दूनजवळच्या एका उद्ध्वस्त गावात गेला. महायुद्ध नुकतंच संपलेलं आणि स्वयंसेवकांत काही जर्मनही होते. काम म्हणजे राडारोडा उपसायचा, तात्पुरती घरं उभारायची, रस्ते नीट करायचे. जर्मनांचा वावर खुपू लागला आणि काही महिन्यांतच ते शिबिर आटोपतं घ्यावं लागलं. पुढे त्यातूनच ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही संघटना उभी राहिली, आणि १९३४ च्या भूकंपानंतर हाच सेरेसोल बिहारमध्ये घरं बांधायलाही आला. मला यातलं आवडतं ते काम. फावड्याला माणूस बदलल्याचं दुःख होत नाही.

व्हिडिओ करू नकोस. नकार मात्र गुळमुळीत नको, लेखी दे आणि त्यातच प्रश्न विचार. किती मुलांचे आईवडील हयात आहेत? मुलं घरी परत जावीत म्हणून तुम्ही काय करता? माझ्या फीमधला किती हिस्सा त्या बाईंच्या पगारात गेला? स्वयंसेवकांची पार्श्वभूमी कोण तपासतं? (तुझी कोणी तपासली होती का, आठवून बघ.) मुलांचे चेहरे दिसणारे तुझे फोटो त्यांनी काढून टाकावेत, अशीही मागणी कर, आणि आधी तुझ्या खात्यावरचे तू काढ. उत्तर आलं तर नीट वाच. नव्या मुलीला चिडून काही लिहू नकोस. ती परतली आणि तिला बोलावंसं वाटलं, तर हे सगळं सांग.

आणि पुन्हा जावंसं वाटलं तर जरूर जा. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम १९७० मध्ये मंजूर झाला. त्यात १८ ते २६ वयाच्या तरुणांसाठी वेगळा गट आहे. ते फी घेत नाहीत, उलट राहण्या-खाण्यापुरता भत्ता देतात. निवड अवघड असते, कारण ते तुझं कौशल्य विचारतात. हा प्रश्न तूच स्वतःला आधी विचार: पगार देऊन मला हे काम कोणी दिलं असतं का? लहान मुलांना शिकवायची नोकरी तुला तुझ्याच देशात मिळाली नसती, तर ती परदेशात फी भरून मिळू नये. हिशेब, भाषांतर, संगणक, शेती, यातलं जे येत असेल ते घेऊन जा. मुलांमध्येच काम करायचं असेल तर आधी रीतसर शिक्षण घे. मग तिथल्या कायमच्या शिक्षकांना मदत कर आणि मुलांना त्यांच्याच हाती राहू दे.

व्हिसाचीही चौकशी कर. अनेक देशांत पर्यटक व्हिसावर बिनपगारी काम करणंही नियमाबाहेर ठरतं. ब्रिटनमध्ये धर्मादाय संस्थांत अशा कामासाठी जास्तीत जास्त १२ महिन्यांचा वेगळा व्हिसाच आहे. ‘पर्यटक म्हणून या, पुढचं आम्ही बघतो’ असं कोणी म्हणालं, तर बोलणं तिथेच थांबव.

– मावशी