‘स्ट्रेट-एट’ला ‘सरळ आठ’ म्हणावं का?

विचारणा अशी आहे : जुन्या अमेरिकी गाड्यांवरच्या एका लेखाचं मराठी भाषांतर चालू आहे. त्यात ‘स्ट्रेट-एट’ हा एका प्रकारच्या इंजिनाचा शब्द पानोपानी येतो. त्याला ‘सरळ आठ’ म्हटलं तर चालेल का? आणि यातला ‘स्ट्रेट’ हा ‘स्ट्रेट व्हिस्की’तला, म्हणजे भेसळ नसलेला, अस्सल, अशा अर्थाचा आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण ते छोटं आहे : नाही. इथे शुद्ध-अशुद्धाचा काही संबंध नाही. ‘स्ट्रेट’ हे फक्त मांडणीचं वर्णन आहे. इंधन ज्यांत पेटतं ते इंजिनाचे आठही सिलिंडर एकामागे एक, एकाच ओळीत. व्ही-एटमध्ये हेच आठ सिलिंडर चार-चारच्या दोन ओळींत, एकमेकींशी कोन करून बसवलेले असतात. समोरून पाहिलं तर इंग्रजी व्ही दिसतो. अमेरिकेत व्ही-एट आधी गाजलं. कॅडिलॅकने ते १९१४ सालीच बाजारात आणलं होतं. ड्यूसेनबर्गची एका ओळीत आठ सिलिंडरवाली ‘मॉडेल ए’ आली ती १९२१ मध्ये. तोवर नुसतं ‘एट’ म्हणून भागण्यासारखं राहिलं नव्हतं. कुठलं एट, हे सांगायलाच हवं होतं.

आता ‘सरळ आठ’. माझं मत स्पष्टपणे विरोधात आहे. ‘सरळ’ हा शब्द मराठीत संख्येच्या आधी आला की तो विशेषण राहत नाही, क्रियाविशेषण होतो. ‘त्याने सरळ आठ दिवसांची रजा टाकली’, ‘तिने सरळ आठ हजार मोजून दिले’. इथे ‘सरळ’ म्हणजे ‘फार विचार करत न बसता’, ‘थेट’. त्यामुळे ‘पॅकार्डने १९२३ मध्ये सरळ आठ सिलिंडरचं इंजिन बसवलं’ असं लिहिलंत, तर वाचणाऱ्याला वाटेल की कंपनीने सात वगैरेच्या भानगडीत न पडता सहावरून थेट आठावर उडी मारली. गंमत म्हणजे त्या वर्षी पॅकार्डने सहाच्या जोडीला आठच आणलं होतं, त्यामुळे वाक्य खोटंही ठरणार नाही. फक्त तुम्हाला म्हणायचं होतं ते त्यात नसेल.

खुद्द अमेरिकेतही सगळ्या कंपन्यांचं ‘स्ट्रेट’ या शब्दावर एकमत नव्हतं. पॅकार्डचंच पाहा. १९१५ मध्ये त्यांनी बारा सिलिंडरचं व्ही इंजिन काढलं, त्याला नाव दिलं ‘ट्विन सिक्स’ : सहाच्या दोन ओळी. मग एकाच ओळीतल्या सहाला ‘सिंगल सिक्स’, आणि १९२३ मध्ये एका ओळीतल्या आठाला ‘सिंगल एट’. हे नामकरण मला फार आवडतं, कारण त्यात मोजणी ओळींची आहे. मराठीत ते ‘दुहेरी सहा’ आणि ‘एकेरी आठ’ असं हुबेहूब उतरतं. अडचण एवढीच की ‘एकेरी’ म्हटलं की आपल्याला एक तर टेनिस आठवतं, नाही तर कुणीतरी कुणाला अरेतुरे केलेलं.

स्टट्झ कंपनीने १९२६ मध्ये आपल्या इंजिनाचं नाव ‘व्हर्टिकल एट’ ठेवलं, म्हणजे उभं आठ. या ‘उभं’कडे जरा थांबून पाहण्यासारखं आहे. आपल्याकडे ‘उभा’ हा ‘झोपलेला नसलेला’ या अर्थी तर येतोच, पण ‘लांबीच्या दिशेने’ या अर्थीही येतो. उभं गंध, आडवं गंध. घर उभं-आडवं मोजणं. या इंजिनात सिलिंडर उभे असतात आणि त्यांची ओळ गाडीच्या लांबीत, म्हणजे उभीच, जाते. एका शब्दात दोन्ही गोष्टी आल्या असत्या. पण ‘उभं इंजिन’ वाचून बहुतेकांच्या डोळ्यांसमोर बंद पडून उभी राहिलेली गाडी येईल, म्हणून तोही मोह मी सोडला.

ओळ हाच या शब्दाचा गाभा आहे, हे इंजिन कसं चालतं ते पाहिलं की जास्त पटतं. चार फटक्यांच्या (फोर-स्ट्रोक) इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या, दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. आठ सिलिंडर म्हणजे दर पाव फेरीला एक धक्का. एक ओसरायच्या आत दुसरा हजर. शिवाय पिस्टनच्या वरखाली होण्यातून जे जोर निर्माण होतात ते या मांडणीत एकमेकांना खोडून काढतात. चार सिलिंडरच्या इंजिनात राहणारी थरथर इथे उरत नाही. सिलिंडर पेटण्याचा क्रम मात्र ओळीने एक-दोन-तीन असा नसतो. ब्यूइक, पॅकार्ड, पाँटिअ‍ॅक यांच्या इंजिनांत तो १-६-२-५-८-३-७-४ असा असे. तुमच्या लेखात हे आकडे आले तर ते ‘फायरिंग ऑर्डर’ या नावाखाली तसेच ठेवा.

या ओळीने दिलं ते जसं तिच्या लांबीमुळे, तसंच तिने अडवलं तेही लांबीमुळेच. आठ सिलिंडर एकामागे एक म्हणजे क्रँकशाफ्ट लांबलचक, आणि लांब शाफ्टला पीळ पडतो : एक टोक पुढे गेलेलं, दुसरं किंचित मागे, मग उलट. वेग वाढला की हे पिळणं-सुटणं धोक्याचं ठरतं. म्हणून शाफ्टच्या पुढच्या टोकाला कंपन शोषणारा डँपर लावायचे, आणि पॅकार्डसारखे लोक शाफ्टला नऊ-नऊ मुख्य बेअरिंगांचा आधार द्यायचे. (इंग्रजीतल्या ‘टॉर्शन’ला ‘पीळ’ हा आपला शब्द इथे चपखल बसतो. ‘व्यावर्तन’ पाठ्यपुस्तकांना लखलाभ.) दुसरी अडचण पेट्रोलची. हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या मधल्या कार्बुरेटरपासून पहिला आणि आठवा सिलिंडर सगळ्यांत लांब, तेव्हा सगळ्यांना सारखं मिश्रण पोचवणं कठीण. ब्यूइकने १९४१ मध्ये दोन कार्बुरेटरांची जोडी बसवली. नेहमीच्या चालीला पहिला, आणि अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबला की दुसराही उघडायचा.

आणि बोनेट! तीसच्या दशकातल्या अमेरिकी गाड्यांचं ते लांबच लांब नाक म्हणजे निव्वळ ऐट नव्हे, आत खरोखरच तेवढी लांब वस्तू असे. ड्यूसेनबर्गच्या १९२८ च्या ‘मॉडेल जे’चं इंजिन जवळजवळ ६.९ लिटरचं होतं, सिलिंडरमागे चार म्हणजे एकूण ३२ व्हॉल्व्हचं, आणि कंपनी त्याची ताकद २६५ अश्वशक्ती सांगत असे. याच गाडीच्या सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारं यंत्र) लावलेल्या ‘एसजे’ची एक प्रत इंदूरच्या यशवंतराव होळकर महाराजांसाठी लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांनी बॉडी चढवून तयार केली होती. एक जोडप्रश्न इथेच निकालात काढतो : अमेरिकी बोलीतला ‘डूझी’, म्हणजे ‘एकदम जबरदस्त चीज’, हा शब्द ड्यूसेनबर्गवरून आला असं हौसेने सांगितलं जातं. पण ही गाडी रस्त्यावर येण्याच्या आधीपासून तो शब्द छापील इंग्रजीत सापडतो. कोशकारांचा कल ‘डेझी’ या फुलाच्या नावाकडे आहे. गाडीमुळे शब्दाला बळ मिळालं असेल, जन्म नाही.

भाषांतर करताना खरा घोळ होईल तो ‘एट’ या अर्ध्या भागाने. बिल्ल्यावर ‘एट’ आहे म्हणून इंजिन स्ट्रेट-एटच असेल असं नाही. चाळीसच्या दशकात ‘ब्यूइक एट’ म्हणजे एका ओळीतलं आठ, पण फोर्डचं १९३२ पासूनचं आठ हे व्ही-एट. ओल्ड्समोबिलने तर चाळीसच्या दशकात मॉडेलच्या आकड्यातच हे कोंबलं होतं : ७६ मध्ये शेवटचा ६ म्हणजे सहा सिलिंडर, ७८ मध्ये शेवटचा ८ म्हणजे आठ. हे आकडे ‘सेव्हन्टी-एट’ असेच लिहा. ‘अठ्ठ्याहत्तर’ लिहिलंत तर मराठीच्या रीतीप्रमाणे आठ आधी येईल आणि ‘शेवटचा आकडा पाहा’ हे वाक्य कानाला उलटं लागेल. त्यातून याच कंपनीने १९४९ मध्ये ‘रॉकेट’ नावाचं नवं व्ही-एट आणलं, तेव्हा त्या सालापासून तिथला ८ वेगळा.

त्या नव्या, आखूड, जास्त कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधल्या मिश्रणाचं जास्त दाबलं जाणं, सोसणाऱ्या व्ही-एटनीच हा प्रकार संपवला. ब्यूइकने एका ओळीचं आठ १९५३ पर्यंत चालवलं, पाँटिअ‍ॅक आणि पॅकार्ड यांनी १९५४ पर्यंत. १९५५ च्या गाड्यांत दोघांकडेही व्ही-एटच होतं. तेव्हा लेखात १९५५ नंतरच्या अमेरिकी गाडीला कुणी स्ट्रेट-एट म्हटलं असेल, तर मूळ मजकूर पुन्हा तपासा.

मग लिहायचं काय? पहिल्यांदा शब्द येईल तिथे उलगडून लिहा : ‘आठ सिलिंडर एका ओळीत असलेलं इंजिन’. त्यापुढे बेलाशक ‘स्ट्रेट-एट’. ‘व्ही-एट’ आपण पचवलाच आहे, त्याच्या शेजारी हा परका वाटत नाही. मराठी शब्दच हवा असेल तर ‘एकओळी आठ’ चालेल. ‘अष्ट’ लावून काही घडवू नका, ‘अष्टपैलू’, ‘अष्टविनायक’ यांच्या पंगतीत इंजिन अवघडून बसेल.

लिंगाचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो येणारच. इंग्रजीत ‘स्ट्रेट-एट’ हे इंजिनही असतं आणि ते इंजिन असलेली गाडीही. वाचणाऱ्याने संदर्भावरून ओळखायचं. मराठीत क्रियापदच ते सांगून टाकतं. ‘स्ट्रेट-एट उघडलं’ म्हणजे इंजिन खोललं, ‘स्ट्रेट-एट विकली’ म्हणजे गाडी गेली. मूळ लेखात जिथे जिथे हे संदिग्ध आहे, तिथे तुम्हाला दोहोंतलं एक निवडावंच लागेल.