आधी पत्ता, मग ड्रायव्हर : जुन्या विंडोजवर नेटवर्क प्रिंटर

जुन्या संगणकाला नेटवर्क प्रिंटर कसा जोडायचा, याबद्दल बरेच प्रश्न साठले होते. त्यातले निवडक इथे घेतले आहेत. प्रश्न वेगवेगळे असले तरी निम्म्याहून अधिक तक्रारींचे मूळ एकच दिसते: प्रिंटर नेमका कुठे आहे हे जुन्या विंडोजला आपोआप कळेल, अशी आपली अपेक्षा असते. ते त्याला धड जमत नाही. पण पत्ता एकदा हाताने नीट दिला, तर तेच मशीन वर्षानुवर्षे बिनतक्रार छापत राहते.

प्रश्न : माझ्याकडे विंडोज ७ चा डेस्कटॉप आहे. नवा वाय-फाय प्रिंटर घेतला. 'ॲड अ नेटवर्क, वायरलेस ऑर ब्लूटूथ प्रिंटर' वर क्लिक केले की हिरवी पट्टी सरकत राहते आणि यादी रिकामीच राहते. मुलीच्या फोनवरून मात्र लगेच प्रिंट निघते. संगणक बिघडला आहे का?

संगणक ठणठणीत आहे. विंडोज ७ बाजारात आले ऑक्टोबर २००९ मध्ये, तर ॲपलचे एअरप्रिंट आले नोव्हेंबर २०१० मध्ये. ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला प्रिंटरशी बोलता येण्यासाठीचा छोटा प्रोग्रॅम, न टाकता छापण्याची जी सोय आज जवळपास प्रत्येक फोनमध्ये आहे, ती या विंडोजच्या जन्मानंतरची आहे. फोनवरून प्रिंट निघते याचा अर्थ बहुधा प्रिंटर वाय-फायला जोडलेला आहे. अर्धे काम झाले आहे.

आता ती शोधाशोध सोडून द्या. प्रिंटरच्या पॅनलवरून 'नेटवर्क कॉन्फिगरेशन' किंवा 'नेटवर्क स्टेटस' पान छापून घ्या. स्क्रीन नसलेल्या बऱ्याच मॉडेलांत वाय-फायचे किंवा माहितीचे बटण काही सेकंद दाबून धरले की हे पान निघते. त्यावर आयपी ॲड्रेस, म्हणजे प्रिंटरचा नेटवर्कवरचा पत्ता, असेल, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर थांबा. राउटरकडून पत्ता न मिळाल्यामुळे प्रिंटरने स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतला आहे, असा त्याचा अर्थ. आधी वाय-फायची जोडणी पुन्हा करा.

पत्ता हाती आला की संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पिंग' (समोरचे यंत्र उत्तर देते का हे तपासणारी आज्ञा) आणि पुढे तो पत्ता द्या. इथे बरेच जण फसतात. 'रिप्लाय फ्रॉम' दिसले म्हणजे जमले असे नाही. ओळीत प्रिंटरचाच पत्ता आहे ना, हे बघा. स्वतःच्या संगणकाचा पत्ता आणि पुढे 'डेस्टिनेशन होस्ट अनरिचेबल' असे आले, तर ते उत्तर तुमच्याच मशीनने दिले आहे. प्रिंटर अजून सापडलेला नाही.

पिंग लागले की 'डिव्हाइसेस अँड प्रिंटर्स' मध्ये 'ॲड अ प्रिंटर' आणि मग, विचित्र वाटले तरी, 'ॲड अ लोकल प्रिंटर' निवडा. प्रिंटर नेटवर्कवर आहे म्हणून सगळे जण दुसरा पर्याय निवडतात आणि तिथेच अडकतात. पुढे 'क्रिएट अ न्यू पोर्ट' मध्ये 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट' घ्या, पत्ता लिहा आणि 'क्वेरी द प्रिंटर' समोरची खूण काढून टाका. मग ड्रायव्हरच्या यादीत 'हॅव डिस्क' दाबून उत्पादकाकडून घेतलेल्या ड्रायव्हरची आयएनएफ फाइल दाखवा. त्या यादीशेजारच्या 'विंडोज अपडेट' बटणाच्या भरवशावर राहू नका.

ड्रायव्हर उतरवायला जुन्या मशीनवरचा ब्राउझर बहुधा कुरकुर करेल. दुसऱ्या संगणकावर उतरवा आणि पेन ड्राइव्हने आणा. त्याआधी 'कॉम्प्युटर' वर उजवी क्लिक करून 'प्रॉपर्टीज' मध्ये तुमचे विंडोज ३२ बिटचे आहे की ६४ बिटचे ते पाहून घ्या. ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिट विंडोजवर चालत नाही, आणि उलटही नाही.

विंडोज एक्सपी वापरणाऱ्यांसाठीही रस्ता हाच आहे. फक्त विझार्डमध्ये 'लोकल प्रिंटर' निवडल्यावर खालची 'ऑटोमॅटिकली डिटेक्ट' ची खूण काढायला विसरू नका.

प्रश्न : प्रिंटर जोडला, चालला. पण राउटर बंद करून चालू केला की संगणक 'ऑफलाइन' म्हणतो. प्रिंटर काढून पुन्हा जोडला की काही दिवस बरे जातात. दरवेळी हेच करत बसायचे का?

अजिबात नाही. राउटर प्रत्येक यंत्राला पत्ता उसना देतो. मुदत संपली किंवा राउटर नव्याने सुरू झाला की तोच पत्ता पुन्हा मिळेल याची खात्री नसते. काल ५० वर असलेला प्रिंटर आज ५३ वर जातो, संगणक मात्र ५० चेच दार ठोठावत बसतो.

यावर पक्का इलाज राउटरमध्ये आहे. राउटरच्या सेटिंग्जमध्ये 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' किंवा 'डीएचसीपी रिझर्व्हेशन' नावाचा विभाग शोधा. प्रिंटरच्या त्याच छापील पानावर मॅक ॲड्रेस असतो: बारा अक्षर-अंकांचा, प्रत्येक यंत्राचा वेगळा. तो आणि हवा तो आयपी ॲड्रेस यांची तिथे जोडी लावून टाका. राउटरमध्ये ही सोय नसेल तर प्रिंटरच्या पॅनलवरून पत्ता 'मॅन्युअल' करा. मात्र तो राउटर वाटत असलेल्या पत्त्यांच्या टप्प्याबाहेरचा घ्या, नाहीतर एखाद्या दिवशी तोच पत्ता कुणाच्या तरी फोनला मिळेल आणि दोघेही अडतील. माझे मत विचाराल तर पहिला मार्ग चांगला, कारण सगळे पत्ते एकाच ठिकाणी दिसतात.

पत्ता पक्का करूनही 'ऑफलाइन' येत असेल तर 'प्रिंटर प्रॉपर्टीज' मधला 'पोर्ट्स' हा टॅब उघडा. टिक असलेल्या पोर्टचे नाव 'डब्ल्यूएसडी' ने सुरू होते का? ही विंडोज व्हिस्टापासून आलेली आपोआप शोधण्याची पद्धत. जोडताना सोपी, पण निभावताना लहरी. ड्रायव्हर काढायची गरज नाही. तिथेच 'ॲड पोर्ट' करून वर सांगितलेला टीसीपी/आयपी पोर्ट बनवा आणि टिक त्यावर हलवा.

आणि टीसीपी/आयपी पोर्ट असूनही तक्रार असेल तर 'कन्फिगर पोर्ट' मध्ये 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड' ची खूण काढा. त्या मार्गाने विंडोज प्रिंटरची खुशाली विचारत असते. सगळेच प्रिंटर त्याला नीट उत्तर देत नाहीत, आणि उत्तर आले नाही की विंडोज त्याला ऑफलाइन ठरवते. छपाई वेगळ्याच वाटेने, सहसा ९१०० क्रमांकाच्या पोर्टवरून जाते, त्यामुळे ही खूण काढल्याने छपाईवर परिणाम होत नाही. कागद संपल्याची सूचना पडद्यावर येणार नाही, एवढेच.

प्रश्न : माझ्या जुन्या संगणकात वाय-फायच नाही, फक्त लॅनची वायर आहे. प्रिंटर वाय-फायवर आहे. जमेल का?

जमेल. दोन्ही एकाच राउटरवर असले की पुरे, मग एक वायरने असो, दुसरा हवेतून. प्रिंटर 'गेस्ट' नेटवर्कवर मात्र नको. पाहुण्यांच्या नेटवर्कवरची यंत्रे सहसा इतरांपासून वेगळी ठेवलेली असतात.

प्रश्न : प्रिंटर जोडला गेला, पण एका पानाच्या पत्राऐवजी ढीगभर पाने निघतात, प्रत्येकावर एकदोन ओळी विचित्र चिन्हे. शाई कमी झाली आहे का?

शाईचा दोष नाही. आधी प्रिंटर बंद करा आणि रांगेतले काम रद्द करा, म्हणजे पुढचा कागद वाचेल.

संगणक प्रिंटरशी एका ठराविक भाषेत बोलतो. पीसीएल आणि पोस्टस्क्रिप्ट या त्यातल्या प्रसिद्ध. ड्रायव्हर एका भाषेत बोलला आणि प्रिंटरला ती कळत नसली, तर प्रिंटर त्या आज्ञाच मजकूर समजून छापत सुटतो. तुमच्याकडे तेच होते आहे. नेमका ड्रायव्हर मिळाला नाही म्हणून यादीतला 'त्यातल्या त्यात जवळचा' निवडला की असे होते.

प्रिंटरच्या माहितीपत्रकात 'लँग्वेजेस' किंवा 'एम्युलेशन' या नोंदीत काय लिहिले आहे ते बघा. तिथे पीसीएल ५, पीसीएल ६ किंवा पोस्टस्क्रिप्ट असेल तर तुम्ही सुदैवी आहात. त्याच उत्पादकाचा 'युनिव्हर्सल' ड्रायव्हर घ्या आणि विंडोज ७ ला चालणारी त्याची जुनी आवृत्ती शोधा. पण नुसते 'जीडीआय' किंवा 'होस्ट बेस्ड' लिहिले असेल, तर पानाची सगळी आखणी संगणकाने करून द्यावी लागते आणि त्या मॉडेलच्या स्वतःच्या ड्रायव्हरवाचून इलाज नाही. स्वस्तातले बरेच लेझर प्रिंटर या जातीचे असतात. जुन्या संगणकासाठी प्रिंटर अजून घ्यायचा असेल, तर पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट समजणाराच घ्या, असे मी आग्रहाने सांगेन. तो पुढच्या-मागच्या बहुतेक विंडोजशी जुळवून घेतो.

प्रश्न : आमच्या कचेरीत यूएसबी प्रिंटर विंडोज १० च्या संगणकाला लावून शेअर केला आहे. विंडोज ७ वरून जोडताना शेवटी '११बी' असलेला एरर येतो. रजिस्ट्रीत एक किंमत शून्य केली की चालते असे कुणीतरी सांगितले. करू का?

करू नका. तो एरर म्हणजे मुद्दाम बसवलेले कुलूप आहे. २०२१ मध्ये विंडोजच्या छपाई यंत्रणेत एकामागून एक गंभीर त्रुटी सापडल्या. त्यातली एक बुजवण्यासाठी शेअर केलेल्या प्रिंटरशी होणारे बोलणे अधिक सुरक्षित करणे सक्तीचे झाले. सप्टेंबर २०२१ च्या अपडेटनंतर विंडोज १० तसा आग्रह धरते, आणि अपडेट न झालेले विंडोज ७ तो पुरा करू शकत नाही. ती किंमत शून्य केली की प्रिंट निघेल, पण कुलूप निघते ते विंडोज १० च्या मशीनचे, म्हणजे ज्यावर सगळ्यांची कामे आहेत त्याचे.

प्रिंटरला लॅनचे छिद्र किंवा वाय-फाय असेल तर यूएसबी सोडा आणि पहिल्या उत्तरातल्या पद्धतीने प्रत्येक संगणक थेट प्रिंटरला जोडा. मधला संगणक बंद असला तरी छपाई चालू राहते, हा मोठा फायदा.

फक्त यूएसबीच असेल तर हे करून पाहा. विंडोज ७ वर 'रन' मध्ये दोन उलट्या तिरक्या रेघा आणि त्या संगणकाचे नाव देऊन तो उघडा, नाव-पासवर्ड विचारला तर द्या आणि लक्षात ठेवण्याची खूण करा. मग 'ॲड अ लोकल प्रिंटर', 'क्रिएट अ न्यू पोर्ट', आणि या वेळी 'लोकल पोर्ट'. पोर्टच्या नावात दोन उलट्या रेघा, संगणकाचे नाव, एक उलटी रेघ आणि प्रिंटरचे शेअर-नाव लिहा. शेअर-नाव छोटे आणि मोकळ्या जागेविना ठेवा. ड्रायव्हर विंडोज ७ चा, स्वतःचा टाका. असे केल्याने ज्या वाटेवर कुलूप आहे तिकडे जावेच लागत नाही. तयार झालेली छपाई नेहमीच्या फाइल-शेअरिंगच्या मार्गाने जाते.

तुमच्या जागी एक्सपी असते तर मी हेही सुचवले नसते. एक्सपीला एसएमबीची, म्हणजे विंडोजच्या फाइल-शेअरिंगच्या पद्धतीची, फक्त पहिली आवृत्ती येते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो त्याच आवृत्तीतल्या त्रुटीतून, आणि त्याच वर्षीच्या विंडोज १०च्या १७०९ आवृत्तीपासून ती मुळात बसवलीच जात नाही. एका प्रिंटरसाठी ती पुन्हा चालू करणे परवडणारे नाही.

प्रश्न : छपाई होते, पण त्याच यंत्राचा स्कॅनर संगणकावर दिसत नाही.

टीसीपी/आयपी पोर्टवरून फक्त छपाई जाते. स्कॅनरचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो, आणि उत्पादकाच्या स्कॅन प्रोग्रॅममध्ये प्रिंटरचा तोच पत्ता पुन्हा द्यावा लागतो. विंडोज ७ साठी तो उपलब्ध नसेल तर यंत्राला पेन ड्राइव्ह लावून त्यावर स्कॅन करता येते का ते बघा. काही मॉडेलांत ब्राउझरमध्ये प्रिंटरचा पत्ता टाकला की उघडणाऱ्या पानावरूनही स्कॅन होते.

प्रश्न : एका जुन्या सॉफ्टवेअरमुळे विंडोज ७ सोडता येत नाही. नेटवर्कवर ठेवणे धोक्याचे आहे का?

इंटरनेटवर ठेवणे धोक्याचे आहे. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, एक्सपीचा तर ८ एप्रिल २०१४ लाच. त्यानंतर सापडलेली बहुतेक भोके घरगुती वापरकर्त्यांसाठी उघडीच आहेत.

पण छपाईला इंटरनेट लागतच नाही. नेटवर्क कार्डाच्या 'प्रॉपर्टीज' मध्ये आयपी व्हर्जन ४ ची सेटिंग्ज उघडा, संगणकाला हाताने पत्ता द्या, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० ठेवा आणि 'डीफॉल्ट गेटवे' चा रकाना रिकामा सोडा. हा पत्ताही दुसऱ्या कुणाला न दिलेला हवा, आणि त्यातले टिंबांनी वेगळे केलेले पहिले तीन गट प्रिंटरशी जुळणारे. आयपी व्हर्जन ६ ची खूण काढा. आता हा संगणक प्रिंटरपर्यंत पोचेल, पण बाहेरच्या जगाची वाट त्याला माहीत नसेल. राउटरमध्ये त्या मशीनचे इंटरनेट अडवण्याची सोय असेल तर तीही वापरा. आणि बाहेरून आलेला पेन ड्राइव्ह आधी अद्ययावत संगणकावर तपासल्याशिवाय त्याला लावू नका.

प्रश्न : एक फाइल रांगेत अडकली की 'डिलीटिंग' असेच दाखवत राहते. बाकीचीही छपाई थांबते.

'रन' मध्ये सर्व्हिसेसची यादी उघडा, 'प्रिंट स्पूलर' (छपाईची रांग सांभाळणारी सेवा) थांबवा. सी ड्राइव्हमधल्या विंडोज, सिस्टिम३२, स्पूल या वाटेने 'प्रिंटर्स' नावाच्या फोल्डरमध्ये जा आणि आतल्या फाइली पुसा. फोल्डर तसाच ठेवा. स्पूलर पुन्हा सुरू करा. रांगेतली सगळीच कामे जातील, ती पुन्हा पाठवावी लागतील. आणि दरवेळी तीच पीडीएफ अडकत असेल तर दोष बहुधा त्या फाइलच्या फाँटमध्ये किंवा चित्रात असतो. ॲडोबी रीडरच्या प्रिंट खिडकीत 'ॲडव्हान्स्ड' मध्ये 'प्रिंट ॲज इमेज' ला खूण करून छापा. वेळ थोडा जास्त लागेल, पण पान निघेल.