जर्मनीतल्या हिवाळ्यात माझदा एमएक्स-५ रोज चालवता येईल का?

आपण विचारले आहे की म्युनिकजवळ नोकरी लागली आहे, एकच गाडी परवडणार आहे आणि मनात जुनी माझदा एमएक्स-५ भरली आहे. तर दोन आसनांची, रिअर व्हील ड्राइव्हची (म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांना देणारी), कापडी टपाची ही गाडी नोव्हेंबर ते मार्च रोज वापरता येईल का. मी म्युनिकच्या उत्तरेला फ्रायझिंगला राहतो. माझ्याकडे याच गाडीची चौथी, म्हणजे २०१५ पासून आलेली पिढी आहे आणि गेले चार हिवाळे मी तीच घेऊन ए-९२ महामार्गावरून म्युनिकच्या उत्तर भागातल्या कार्यालयात जातो आहे. घरात दुसरी गाडी नाही. त्यामुळे ‘येईल’ हे उत्तर मी अनुभवावरून देतो आहे. मात्र गाडी बर्फात घसरेल याची चिंता आपण जितकी करत असाल तितकी ती करण्याचे कारण नाही, आणि बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकल्या जाणाऱ्या मिठाची चिंता कदाचित अजून सुरूही केली नसेल, ती आजपासून करावी.

रिअर व्हील ड्राइव्ह म्हणजे बर्फात हमखास गिरकी, असे आपल्याला बरेच जण सांगतील. या गाडीचे वजन एक टनाच्या आसपास आहे आणि इंजिन पुढच्या आसाच्या मागे बसवलेले असल्यामुळे ते वजन दोन्ही आसांवर जवळजवळ निम्मे निम्मे पडते. चढावर वजन मागे सरकते, तेव्हा ओढणाऱ्या चाकांवरचा भार वाढतो, कमी होत नाही. मागची बाजू सुटते ती बहुतेक वेळा चालकाच्या घाईमुळे: वळणात ॲक्सिलरेटर एकदम दाबला, किंवा उतारावर खालचा गिअर टाकून क्लच झटक्यात सोडला, तर मागच्या चाकांची पकड सुटते आणि गाडी आडवी होऊ पाहते. पावसाळ्यात ताम्हिणी घाट उतरताना आपण जसे प्रत्येक काम हलक्या पायाने करतो, तसेच इथे करावे, दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उचलावी आणि घसरण रोखणारी यंत्रणा चालू ठेवावी. साचलेल्या बर्फात रुतल्यावर बाहेर पडण्यापुरती ती बंद करावी लागते, एवढाच अपवाद.

शिवाय थांबायची वेळ येते तेव्हा ओढ कोणत्या चाकांची आहे याला फारसा अर्थ उरत नाही, कारण ब्रेक प्रत्येक गाडीत चारही चाकांना लागतात. ताशी ५० किलोमीटर वेगातून थांबायला, चालकाच्या प्रतिसादाचा वेळ सोडून, कोरड्या रस्त्यावर साधारण १२ मीटर लागतात. घर्षणाचा गुणांक, म्हणजे रस्त्याची पकड सांगणारा आकडा, दाबलेल्या बर्फावर ०.३ धरला तर तेच अंतर ३३ मीटर होते आणि पाणी गोठून झालेल्या गुळगुळीत थरावर ०.१ धरला तर जवळजवळ १०० मीटर. फोर व्हील ड्राइव्हची उंच गाडी घेणाऱ्यालाही या गणितातून सुटका नाही. म्हणून सगळा प्रश्न शेवटी टायरवर येतो.

टायरचा धडा मला पहिल्याच नोव्हेंबरात मिळाला. गाडी ज्याच्याकडून घेतली त्याने ती उन्हाळी टायरवरच दिली होती आणि रस्ता कोरडा आहे, बर्फ नाही, मग घाई कशाला, असे मी ठरवून टाकले होते. एका सकाळी, तापमान ३ अंश असताना, घराजवळच्या गोल चौकात दुसऱ्या गिअरमध्ये, अगदी नेहमीच्या वेगाने वळताना मागची बाजू सरळ बाहेर गेली. समोरून कोणी येत नव्हते म्हणून मी वाचलो. उन्हाळी टायरचे रबर साधारण ७ अंशांच्या खाली कडक होऊ लागते आणि स्पोर्ट्स कारला बसवतात ते अधिक पकडीचे उन्हाळी टायर याबाबतीत विशेष वाईट असतात. बर्फ पडलेला असो वा नसो. हिवाळी टायरचे मिश्रण थंडीतही मऊ राहते आणि त्यांच्या पृष्ठभागावरच्या बारीक चिरा बर्फ धरून ठेवतात, कारण बर्फाला बर्फाचीच पकड चांगली मिळते.

कायदाही समजून घ्या. जर्मनीत तारखेनुसार सक्ती नाही. रस्त्यावर बर्फ, गोठलेल्या पाण्याचा थर किंवा अर्धवट वितळलेल्या बर्फाचा घसरडा चिखल असेल तेव्हा योग्य टायर हवेत, असा नियम २०१० पासून आहे आणि तो मोडल्यास ६० युरो दंड व चालकाच्या नावावर एक दंडगुण नोंदला जातो. १ ऑक्टोबर २०२४ पासून तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण अशी खूण असलेलेच टायर चालतात. चिखल आणि बर्फासाठीची जुनी खूण, म्हणजे नुसती एम आणि एस ही अक्षरे, पुरत नाहीत. ऑस्ट्रियात मात्र, आणि म्युनिकहून आपण तिकडे जाणारच, १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल हा काळ ठरलेला आहे, त्या काळात रस्त्यावर बर्फाची स्थिती असेल तर हिवाळी टायर लागतात आणि त्यांची नक्षी निदान ४ मिलिमीटर खोल लागते. जर्मनीची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर असली तरी मी सगळीकडे ४ चाच हिशेब धरतो. माप निवडताना गाडीच्या कागदपत्रांत मान्य असलेले सर्वात अरुंद माप घ्यावे; रुंद टायर उन्हाळ्यात शोभतो, पण सैल बर्फावर तो तरंगतो. टायरचे वय बाजूवरच्या शेवटच्या चार आकड्यांवरून कळते: ३८२३ म्हणजे २०२३ सालचा ३८ वा आठवडा. आणि एक गोष्ट मला आधी सुचली नव्हती, ती सांगतो. या गाडीची डिकी १३० लिटरची आहे, तिच्यात चार चाके मावत नाहीत. त्यामुळे बिनवापराचा संच टायरवाल्याकडेच ठेवावा लागतो. इथे त्या सोयीला चक्क टायरचे हॉटेल म्हणतात आणि हंगामाचे भाडे आपल्या खर्चात धरावे लागते.

आता मीठ. महामार्गावर कोरडे मीठ क्वचितच टाकतात. ३० टक्के खारे पाणी आणि ७० टक्के मीठ असे ओले मिश्रण पसरतात, जे वाऱ्याने उडत नाही, रस्त्याला चिकटते आणि तितक्याच निष्ठेने गाडीच्या पोटालाही चिकटते. रत्नागिरी-मालवणकडच्या गाड्यांचे पत्रे खाऱ्या हवेने कसे खाल्ले जातात हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. इथे तेच काम एका हिवाळ्यात फार वेगाने होते. एमएक्स-५ च्या पहिल्या दोन पिढ्या, म्हणजे १९८९ आणि १९९८ साली आलेल्या, मागच्या चाकांच्या पुढे, दाराखालच्या पत्र्यात सडतात. टपावरचे पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तिथे जवळच उतरतात आणि त्या तुंबल्या की ओल आत साचून गंज आतून बाहेर येतो. रंगाला फोड दिसला तेव्हा आतले पुष्कळ काही गेलेले असते. म्हणून त्या दोन पिढ्यांची चांगली राखलेली गाडी हाती आली, तर ती हिवाळ्यात चालवू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्या आता फार उरलेल्या नाहीत. रोजच्या वापरासाठी चौथी पिढीच पाहावी.

तीही आपोआप वाचत नाही. पहिल्या हिवाळ्याआधी पोकळ भागांत मेणाचा फवारा आणि पोटाला संरक्षक थर मारून घ्यावा, तोही गाडी पूर्ण कोरडी असताना, नाहीतर ओल आतच बंदिस्त होते. दर दोन आठवड्यांनी, पारा शून्याच्या वर असेल त्या दिवशी, खालून धुणाऱ्या यंत्रात गाडी न्यावी. मिठाने माखलेली गाडी उबदार गॅरेजमध्ये ठेवणे ही पुष्कळांची चूक असते. ऊब मिळाली की गंजण्याची क्रिया वेगाने चालते. त्यापेक्षा उघड्या थंडीत उभी केलेली गाडी बरी.

बर्फाची खोली ही मात्र खरी मर्यादा आहे. गाडीचे पोट जमिनीपासून फार उंच नाही, त्यामुळे दहाबारा सेंटिमीटरपेक्षा जास्त ताजा बर्फ असेल तर ती घसरगाडीसारखी पोटावर बसते. २ डिसेंबर २०२३ रोजी म्युनिकमध्ये ४० सेंटिमीटरहून जास्त बर्फ पडला, विमानतळ आणि रेल्वे दोन्ही थांबले. त्या दिवशी कोणती गाडी आहे याने काहीच फरक पडला नसता. एरवी असे दिवस हिवाळ्यात मोजकेच येतात आणि त्या दिवशी मी लोकल पकडतो.

टपाची काळजी सोपी आहे. ओला किंवा गोठलेला टप उघडू नये, त्यावरचा बर्फ मऊ ब्रशने काढावा, काचेवरचा बर्फ खरवडण्याचे साधन कापडाला लावू नये आणि दारांच्या रबराला हरणाच्या चरबीची कांडी फिरवावी. पेट्रोल पंपावर ती मिळते आणि दार गोठून बसत नाही. आतली जागा एवढीशी आहे की हीटर काही मिनिटांत सगळे ऊबदार करतो. जानेवारीतल्या एखाद्या कोरड्या दुपारी, २ अंशांत, काचा वर आणि टप खाली करून, कानटोपी घालून इझार नदीच्या काठाने घरी येताना शेतांवरचा बर्फ इतका उजळलेला असतो की आठवडाभराच्या अंधाराचे ओझे उतरते. केवळ या दुपारींसाठी मी गाडी हिवाळ्यात चालवतो, असे म्हटले तरी चालेल.

गाडी आपण उन्हाळ्यात घेतलीत, तर टायर बदलण्याची वेळ सप्टेंबरातच ठरवून ठेवा आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ते चढवून घ्या. पहिल्या बर्फाची बातमी आल्यावर सगळे गाव एकदम टायरवाल्याकडे धावते आणि मग वेळ मिळेपर्यंत सकाळी ३ अंशांत उन्हाळी टायरवर कामाला जावे लागते.