जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झाल्यावर थेट आयसीयूत नोकरी घ्यावी, की आधी जनरल वॉर्ड करावा?

थेट घ्या, पण एक गोष्ट आधी विचारून: नवीन सिस्टरला सीनियरसोबत किती आठवडे ठेवतात? पहिल्याच आठवड्यात व्हेंटिलेटरवरचे दोन-तीन पेशंट एकटीवर सोपवत असतील, तर पगार चांगला असला तरी तिथे जाऊ नका. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला एक नर्स, हे प्रमाण उगाच ठरलेलं नाही. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी झालेली असावी, हे वेगळं सांगायला नको. बीएलएस आणि एसीएलएस हे जीव वाचवण्याच्या तातडीच्या उपचारांचे कोर्सही करून घ्या.

मशीनची भीती महिन्याभरात जाते. खरं शिकायचं ते पेशंटकडे बघणं. मॉनिटरवर सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) ९६ दिसतंय, पण श्वास मिनिटाला ३४ झालाय आणि माणूस अस्वस्थ आहे, तर आकड्यावर विसंबून बसू नका, डॉक्टरांना लगेच बोलवा. नॉरॲड्रेनलिनची, म्हणजे बीपी टिकवून धरणाऱ्या औषधाची, सिरिंज संपत आली की दुसरी आधीच भरून, लेबल लावून तयार ठेवा. बदलताना क्षणभर खंड पडला तरी बीपी कोसळू शकतं. पोटॅशियम क्लोराइड कधीही थेट शिरेत ढकलायचं नाही, पातळ करून पंपावरच. आणि हॅंडओव्हर, म्हणजे ड्यूटी बदलताना पेशंटचा ताबा, बेडपाशी उभं राहून घ्या, प्रत्येक लाइन (पेशंटला लावलेली नळी) हाताने तपासत.

शंका आली तर रात्री तीन वाजताही विचारा. कुणी ओरडलं तरी विचारा.

वर्षभराने आवड टिकली, तर क्रिटिकल केअर नर्सिंगचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा करता येतो.