चिठ्ठीतून सुटलेला माणूस

“ताई, डॅडना ते जुनं बोलू द्यावं की विषय बदलावा? बोलायला लागले की रडतात.”

न्यू जर्सीत समुपदेशन करताना हा प्रश्न वेगवेगळ्या घरांतून येतो. या वेळी विचारणारी मुलगी साताऱ्याची, अमेरिकन घरात सून म्हणून गेलेली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) तिच्या मुलाला अठरा पूर्ण झाली आणि इथल्या कायद्याप्रमाणे सैन्यभरतीच्या यादीत त्याचं नाव नोंदलं गेलं. नुसती नोंदणी; सक्तीची भरती १९७३ मध्येच थांबली. पण त्या दिवसापासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आजोबांची, म्हणजे तिच्या सासऱ्यांची, झोप उडाली. स्मृतिभ्रंशाची सुरुवात तर नाही ना, अशी तिला धास्ती.

आजोबा मला भेटले तेव्हा कळलं, ते काहीच विसरले नव्हते.

१ डिसेंबर १९६९. व्हिएतनामचं युद्ध ऐन भरात. सैन्यात कुणाला आधी बोलावायचं याची सोडत. वॉशिंग्टनमध्ये काचेच्या भांड्यात ३६६ निळ्या प्लास्टिकच्या कुप्या, एकेकीत वर्षातली एकेक तारीख. ज्या क्रमाने जन्मतारखा निघतील, त्याच क्रमाने १९४४ ते १९५० मध्ये जन्मलेल्या मुलांना बोलावणार. पहिली निघाली १४ सप्टेंबर. वसतिगृहात सगळी पोरं टीव्हीभोवती. रूममेटची डिसेंबरातली तारीख पहिल्या पन्नासात आली. यांची तीनशेच्या पुढे, म्हणजे सुटकाच. बोलावणं पुढे १९५ पर्यंतच गेलं.

“मी ओरडलो. आनंदाने,” ते म्हणाले. “बाकीच्यांबरोबर बिअर प्यायला गेलो. तो जिन्याखाली फोनच्या रांगेत उभा होता. आईला सांगायला.”

मित्र पदवीनंतर गेला आणि जिवंत परतलाही. पण ती आरोळी यांच्या कानातून गेली नाही.

इथे मी चुकले. “नशिबाचा भाग, तुमचा काय दोष?” असं बोलून गेले. ही मलमपट्टी मला स्वतःला कधीच पटलेली नाही, तरी तोंडातून गेलीच. ते हसले. “नशीब? कुप्या नीट ढवळल्याच नव्हत्या!” खरंच होतं ते. महिन्यांच्या कुप्या ओळीने टाकल्या होत्या, डिसेंबर सगळ्यात शेवटी. वर्षअखेरीस जन्मलेल्यांच्या वाट्याला लहान आकडे जास्त आले, हे संख्याशास्त्रज्ञांनी लगेचच दाखवून दिलं होतं. आजोबांना ती आकडेवारी पाठ होती. इतक्या वर्षांत त्यांनी मित्राला फोन मात्र केला नव्हता.

सुनेला मी म्हटलं, “विषय बदलू नकोस गं. ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ तर अजिबात म्हणू नकोस. रडले तर रडू दे. त्या रात्रीबद्दल खोदून विचारू नकोस, मित्राबद्दल विचार. तो कसा होता, काय खायचा, कुणावर भाळला होता. मात्र पिणं वाढलं, किंवा ‘मी जगून काय उपयोग’ असं काही बोलले, तर माझ्या वेळेची वाट बघू नकोस, लगेच ९८८ ला, आत्महत्या रोखणाऱ्या इथल्या हेल्पलाइनला, फोन लाव.” स्मरणशक्तीची तपासणीही करून घ्यायला सांगितली, तिचा जीव भांड्यात पडावा म्हणून.

मित्र ओहायोत असतो. नाताळचं कार्ड दरवर्षी जायचं, नुसती सही केलेलं. यंदा त्याच्या वाढदिवसाला यांनी तीनदा नंबर लावून कापला. चौथ्यांदा त्याच्या बायकोने उचलला.

“मग?” मी विचारलं.

“मग काय ताई, दीड तास अंगणात फेऱ्या मारत होते. एवढ्या थंडीत, कोटसुद्धा न घालता.”