रात्रभर हॉस्पिटलमध्ये ठेवलं, तरी क्लेम नाकारला. असं का?

तुमच्या आईंना चक्कर आली, रात्रभर ठेवून घेतलं, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं आणि आता विमा कंपनी म्हणते, ‘पेशंट ॲडमिटच नव्हता.’ बाबांच्या वेळी आमच्यावरही हीच वेळ आली होती, म्हणून लिहितोय.

खाटेवर झोपवून सलाइन लावलं की माणूस ॲडमिट झाला, असं आपण धरून चालतो. पॉलिसीत मात्र सलग २४ तास आंतररुग्ण म्हणून राहण्याची अट छापलेली असते. मोतीबिंदू, डायलिसिस, केमोथेरपी अशा डे केअर उपचारांना ती लागू नाही. कॅज्युअल्टीत नुसत्या ऑब्झर्व्हेशनवर काढलेली रात्र ओपीडीत धरतात, आणि साध्या पॉलिसीत ओपीडीचा खर्च मिळत नाही.

बाबांच्या छातीत दुखायला लागलं म्हणून संध्याकाळी साडेसातला कॅज्युअल्टीत नेलं. वॉर्डात खाट रिकामी नव्हती. रात्री दोनपर्यंत ते स्ट्रेचरवरच होते. ॲडमिशनची वेळ पडली २ वाजून १० मिनिटं. दुसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला डिस्चार्ज. राहिले २६ तास, कागदावर १९. क्लेम नामंजूर.

घरी फाइल चाळताना पहिल्या ईसीजीच्या पट्टीवर मशीननेच छापलेली वेळ दिसली: १९:४२. ती पट्टी, कॅज्युअल्टीचा केसपेपर आणि ‘उपचार तेव्हाच सुरू झाले, खाट नसल्याने वॉर्डात हलवता आलं नाही’ असं डॉक्टरांचं सही-शिक्क्याचं पत्र जोडून परत पाठवलं. अडीच महिने लागले, पण पैसे आले.

तेव्हा आधी हॉस्पिटलकडून केसपेपरची प्रत मागून घ्या आणि तास मोजा. खरोखरच २४ भरत नसतील तर वेळ वाढवून लिहून घेऊ नका, कुणी सुचवलं तरी. खोट्या कागदापायी पॉलिसीच रद्द होऊ शकते, आणि या वयात आईंना नवी मिळणं अवघड. नकाराच्या पत्रातलं कारणही नीट वाचा. ‘फक्त तपासण्यांसाठी दाखल’ असं लिहिलं असेल तर ते वेगळं कलम आहे. तिथे डॉक्टरांनी प्रत्यक्ष काय उपचार केले, हे दाखवावं लागतं.

कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येतं. पुण्यात आणि मुंबईत त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकीलही लागत नाही.

पत्रातलं कलम आणि ॲडमिशन-डिस्चार्जच्या वेळा इथे लिहा. आईंचं नाव, पॉलिसी नंबर टाकू नका. वाचून सांगतो.